तीन तिगाडा

आमच्या घरी ताटात तीन पोळ्या कधी वाढत नाहीत. तिसरी वाढायचीच झाली तर ही तिच्याबरोबर चौथीचा एक तुकडा ठेवते. कुठल्याही कामाला तिघं मिळून घराबाहेर पडायचं नाही. 'तीन तिगाडा, काम बिगाडा' हे माझ्या सासुरवाडीचं ब्रीदवाक्यच. त्या घराण्यातला एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, अमेरिकेत जाऊन तिसऱ्याच माणसाला मत देईल असं कुणाला वाटलं असतं?

2000 सालची गोष्ट. दिवाळीला आम्ही दोघं त्याच्याकडे फ्लॉरिडात गेलो होतो. तो आणि त्याची बायको, दोघंही तिथले नागरिक. 7 नोव्हेंबरला एकाच गाडीतून मतदानाला गेले. हिच्या भावजयीनं अल गोर यांना मत दिलं. मेहुण्यानं राल्फ नेडर यांना.

"भाऊजी, मोटारी सुरक्षित व्हाव्यात म्हणून हा माणूस 1965 पासून कंपन्यांशी भांडतोय," तो मला म्हणाला. "बुश काय नि गोर काय, एकाच माळेचे मणी. एकदा तरी मनासारखं मत देऊ दे की!"

मला पटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत पटलेलं होतं.

मग टीव्हीवर निकाल सुरू झाले. फ्लॉरिडा आधी गोर यांचं, मग कुणाचंच नाही, मग बुश यांचं, पहाटे पुन्हा कुणाचंच नाही! पुढे महिनाभर मोठमोठे अधिकारी मतपत्रिका उजेडाकडे धरून भोक पूर्ण पडलंय की अर्धं, ते पाहत बसले. शेवटी 12 डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं मोजणी थांबवली. बुश 537 मतांनी पुढे होते. त्या 537 मतांवर राज्याचे 25च्या 25 निर्वाचक त्यांना मिळाले आणि त्यांच्याबरोबर व्हाइट हाउसही. देशभरात गोर यांना पाच लाखांवर मतं जास्त होती, पण त्यांचा तिथं हिशेब नाही.

आणि फ्लॉरिडात नेडर यांना किती मतं? 97 हजारांहून जास्त.

त्या दिवसापासून मेहुण्याच्या चहात साखर पडेना. "अपघात टाळणाऱ्या माणसानंच केवढा अपघात केला बघा!" भावजय मला ऐकवायची. मी निमित्तमात्र.

"नेडरवाल्यांपैकी कितीतरी जण घरीच बसले असते," मेहुणा म्हणे. "काही बुशकडेही गेले असते. शिवाय शेवटच्या नंबरच्या उमेदवारालासुद्धा 562 मतं पडलीत. त्या 562 जणांनाही धरून आण! आणि माझं एक मत फिरून काय झालं असतं? 536 उरलेच असते."

हिशेब बरोबर होता. पंचाईत एवढीच, की 97 हजार घरांत हाच हिशेब चालला असणार.

अशा उमेदवाराला तिकडे 'स्पॉइलर' म्हणतात. आपण म्हणतो, मतं खाणारा. जणू ती मतं आधीच दुसऱ्या कुणाच्या ताटात वाढलेली होती! तिथं हे नवं नाही. 1912 साली माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपणच गादीवर बसवलेल्या टाफ्टवर रुसले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. छातीत गोळी घुसली तरी तासाहून अधिक भाषण ठोकलं. दोघांची मतं मिळून निम्म्याहून जास्त झाली आणि निवडून आले 42 टक्केवाले विल्सन. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

मला आमचे वडील आठवले. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हापासून वडील त्यांचे भक्त. 1969 साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यासमोर चिंतामणराव तिसरे उभे राहिले. वडिलांना तिथं मत नव्हतं, ते खासदार-आमदारांचं काम. मतं मात्र भरपूर होती.

पहिल्या मोजणीत गिरींना 4,01,515, रेड्डींना 3,13,548 आणि चिंतामणरावांना 1,12,769. निम्म्याच्या वर कुणीच नाही. पण आपल्या राष्ट्रपतीच्या मतपत्रिकेवर पहिली पसंती, दुसरी पसंती असे आकडे लिहायचे असतात. चिंतामणराव बाद झाले, पण त्यांची मतं केरात गेली नाहीत. ज्याची त्याची दुसरी पसंती पाहून वाटली गेली. बहुतेक रेड्डींकडे गेली, तरी गिरी 4,20,077 विरुद्ध 4,05,427 असे निवडून आले. वडील दोन दिवस हळहळले. पण 'तुमच्या देशमुखांनी मतं खाल्ली' असं आमच्या आळीत कुणी त्यांना ऐकवलं नाही.

मी हे मेहुण्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला दोन आकडे लिहायला दिले असते ना भाऊजी, तर दुसरा गोरच होता हो!"

भावजयीनं ते ऐकलं. संध्याकाळच्या चहात साखर होती.

2004 साली नेडर पुन्हा उभे राहिले. मेहुण्यानं केरींना मत दिलं. फोनवर सांगताना आवाज असा, जसा पथ्याचं जेवण जेवून उठलेल्याचा. पुढे 2020 साली मेन राज्यात अध्यक्षाच्या निवडणुकीलाही पसंतीचे आकडे लिहू लागले. त्यानं रात्री मुद्दाम फोन केला. मेहुणा अजून फ्लॉरिडातच आहे.

हिला मी हे सगळं समजावून सांगितलं. "यात नवीन काय?" ही म्हणाली. "तिसरी पोळी नको असं आमच्याकडे कधीच म्हणत नाहीत. शेजारी चौथीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे झालं!"