लुइझियानाची वजाबाकी

१६८२ साली ला साल हा फ्रेंच प्रवासी मिसिसिपीच्या मुखाशी पोचला आणि नदीचं अख्खं खोरं त्याने चौदाव्या लुईच्या नावे करून टाकलं. पुढे हा मुलूख स्पेनकडे गेला, पुन्हा फ्रान्सकडे आला आणि १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला अमेरिकेने विकत घेतला. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. ३० एप्रिल १८१२ रोजी त्याच्या दक्षिण टोकाचं लुइझियाना राज्य झालं. तिथून काय गेलं आणि काय जातंय, त्याची ही नोंद.

चिटिमाचा भाषा. फ्रेंचांशी बारा वर्षं लढलेल्या जमातीची. १९३० च्या दशकात मॉरिस स्वाडेश हा भाषातज्ज्ञ तिथे गेला तेव्हा ती अस्खलित बोलणारी दोनच माणसं उरली होती. १९४० पर्यंत तीही गेली. त्याने टिपून ठेवलेल्या मजकुराच्या आधाराने जमातीची मुलं आता ती नव्याने शिकतात.

कुरी-विनी. १७१९ पासून आफ्रिकेतल्या गुलामांची जहाजं येऊ लागली. मळ्यांवर एकत्र कोंबलेल्या, परस्परांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी फ्रेंच शब्द घेऊन आपली बोली घडवली. आज ती बोलणारे थोडे, तेही बहुतेक म्हातारे.

शाळेतली फ्रेंच. १७५५ मध्ये इंग्रजांनी आजच्या कॅनडातून हाकललेले अकेडियन पुढे इथे वसले, तेच केजन. राज्याच्या १९२१ च्या घटनेने शाळांत फक्त इंग्रजी ठेवली. घरी फ्रेंचशिवाय काही न ऐकलेलं पोर वर्गात बसायचं. लघवीला जाऊ का, हे इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून तिथेच ओलं व्हायचं. तोंडून फ्रेंच निघालीच, तर ‘मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही’ हे पाटीभर लिहायचं. ती मुलं आईबाप झाली आणि आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलली. १९६८ मध्ये सरकारने फ्रेंच जपायला परिषद नेमली. तोवर फार उशीर झाला होता.

जुने सायप्रस. पाण्यात उभे, शेकडो वर्षांचे वृक्ष. १८९० नंतरच्या चाळीसेक वर्षांत लाकूड कंपन्यांनी जवळपास सगळे तोडले.

हस्तिदंती चोचीचा सुतार. मरत्या झाडांच्या सालीखालच्या अळ्यांवर जगणारा मोठा पक्षी. त्याचं शेवटचं मोठं रान शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीच्या मालकीचं होतं. १९४४ मध्ये तोडणी चालू असतानाच चित्रकार डॉन एकलबेरी याने तिथे एकटी उरलेली मादी पाहिली आणि रेखाटली. त्यानंतर सर्वमान्य नोंद नाही.

मनिला व्हिलेज. बाराटारिया उपसागरात खांबांवर उभी असलेली फिलिपिनो कोळ्यांची वस्ती. कोळंबी खारवून उकडायची, लाकडी मचाणावर पसरून उन्हात वाळवायची, मग सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवायची, म्हणजे टरफलं सुटतात. राहतात ते आपले सोडे. १९६५ च्या बेट्सी वादळात वस्ती गेली.

जमीन. हा किनारा नदीच्या गाळाने घडवला. १९२७ च्या महापुरानंतर केंद्र सरकारने नदी उंच बांधांत जखडली आणि गाळ थेट खोल समुद्रात जाऊ लागला. तेलासाठी खणलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं, गवत मेलं, मुळांनी धरलेली माती सुटली. १९३२ पासून सुमारे ५,००० चौरस किलोमीटर जमीन बुडाली. अख्ख्या गोव्याहून जास्त.

नावं. यलो कॉटन बे, फ्लर पॉन्ड, ड्राय सायप्रस बायू. प्लाकमिन्स परगण्यातली अशी तीसेक नावं २०१३ च्या सुमारास सरकारी नकाशांतून काढली. काठच उरला नाही, तर खाडी कुठली?

इल दे जाँ शार्ल. चोक्टॉ या मूळ रहिवासी जमातीच्या वंशजांचं बेट. १९५५ पासून त्याची ९८ टक्के जमीन गेली. २०१६ मध्ये केंद्राने पुनर्वसनासाठी ४ कोटी ८० लाख डॉलर मंजूर केले, २०२२ मध्ये कुटुंबं उत्तरेकडच्या नव्या घरांत गेली. पूर्वजांच्या कबरी मागेच राहिल्या.

पेलिकन. राज्याच्या ध्वजावरचा पक्षी. कीटकनाशकांमुळे १९६३ पर्यंत राज्यातून नाहीसा झाला. १९६८ पासून फ्लोरिडाहून पिल्लं आणून सोडली, डीडीटीवर बंदी आली आणि २००९ मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला.

यातलं फार थोडं वादळांनी नेलं. बाकी सगळं कुणीतरी कायदा करून, करारावर सही करून, कुऱ्हाड चालवून घालवलं. पेलिकन आला तोही माणसांनी मनावर घेतलं म्हणून. नदीचा गाळ पुन्हा बाराटारियात सोडायचं काम २०२३ मध्ये सुरू झालं होतं. खर्च वाढला, मच्छीमारांचा विरोध होता, म्हणून २०२५ मध्ये राज्य सरकारने ते रद्द केलं. मच्छीमारांची नुकसानभरपाई पैशाने होऊ शकते, बुडालेल्या गावाची होत नाही. ते काम पुन्हा हाती घ्यायलाच हवं.