लॉन मोव्हरच्या डेकची खालची बाजू : गंज, सफाई आणि रंग

लॉन मोव्हरचे डेक म्हणजे फिरत्या पात्यावरचे पत्र्याचे छत. एडविन बडिंगने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या सिलिंडरच्या यंत्राला असे छत नव्हते. आडवे पाते फिरवणारी रोटरी यंत्रे आली तेव्हा त्याची गरज पडली. डेक दोन कामे करते: पात्याने उडवलेला खडा आत अडवते, आणि हवेचा झोत कोंडून गवत उभे करते व कापलेला कचरा बाहेर काढते. वरचा रंग नव्यासारखा असतानाही पोलादी डेकचे यंत्र भंगारात जाते, ते बहुधा खालचा पत्रा कुजल्यामुळे.

खालच्या बाजूला दोन वेगळे रोग होतात. पहिला झिजेचा. सुमारे ५३ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेऱ्या घेते, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. या वेगाने वाळू आणि मुरूम पत्र्यावर आपटतात. पात्याच्या टोकासमोरचा पट्टा आणि कचरा बाहेर पडण्याचे तोंड इथला रंग त्यामुळे आधी जातो, उघडा पत्रा घासून चकचकीत होतो आणि रात्रीतून तांबूस पडतो.

दुसरा रोग कोपऱ्यांचा, आणि तो अधिक घातक. ताज्या गवतात ७० ते ८० टक्के पाणी असते. झोत पोहोचत नाही तिथे चोथा साचतो, थरावर थर बसतो आणि वरून वाळला तरी पत्र्यालगत ओला राहतो. हिरवळीला घातलेले अमोनियम सल्फेट किंवा पोटॅश त्यात उतरते. हे क्षार गंजाला वेग देतात. मरीन ड्राइव्हवरच्या जिमखान्यांसारख्या समुद्रालगतच्या मैदानांवर हवेतलेच मीठ त्यात भर घालते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. फुगलेल्या पोपड्याखाली पुन्हा पाणी शिरते.

कोणता रंग चांगला, यावर चर्चा फार होते. पण रंग टिकणार की सोलणार हे त्याच्या डब्यापेक्षा त्याखालच्या पत्र्यावर ठरते. बहुतांश मेहनत सफाईत जायला हवी.

काम सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांधावी. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढावी. पेट्रोल काढून घ्यावे. यंत्र कलंडवताना एअर फिल्टरची बाजू वर ठेवावी, नाहीतर इंजिनातले ऑइल फिल्टरमध्ये उतरते. पाते लाकडी ठोकळ्याने अडवून, जाड हातमोजे घालून काढावे आणि त्याची कोणती बाजू खाली होती याची खूण करून ठेवावी.

मग पुट्टीच्या पत्रीने चोथा खरवडावा, साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि ग्रीस-ऑइलचे डाग थिनरने पुसावेत. हा क्रम उलटवला तर वायर ब्रश तेच ऑइल सगळीकडे पसरवतो. त्यानंतर ड्रिलला लावलेल्या वायर ब्रशने सुटा गंज आणि उचललेला रंग काढावा. ब्रशच्या तारा तुटून उडतात, म्हणून गॉगल हवाच. घट्ट बसलेला जुना रंग पूर्ण काढायची गरज नाही. त्याची कड पॉलिश पेपरने उतरती करावी, नव्या थराखाली पायरी राहू देऊ नये.

आता पत्रा तपासावा. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर तो दबत असेल, भोके असतील किंवा इंजिनाच्या बोल्टांभोवती चिरा असतील, तर रंगकाम थांबवावे. पातळ झालेले डेक उडता खडा अडवू शकत नाही. रंग फक्त ते झाकतो, आणि वापरणाऱ्याला खोटा भरवसा देतो.

खड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशने निघत नाही. तिथे टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर वापरतात. टॅनिक आम्ल गंजातल्या लोहाशी मिळून निळसर काळा, स्थिर थर बनवते. सह्याद्रीतल्या हिरड्यात असलेल्या टॅनिनचा लोहाशी संयोग घडवून कलमकारीचा काळा रंग करतात, तीच ही रसायनक्रिया. सुट्या पोपड्यांवर मात्र कन्व्हर्टर निरुपयोगी.

प्रायमर म्हणून झिंक फॉस्फेटचा एपॉक्सी प्रायमर उत्तम. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा साधा रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण त्यावर दोन डब्यांचा एपॉक्सी लावला तर त्यातले तीव्र थिनर खालचा थर उचलते आणि रंग सुरकुततो. रेड ऑक्साइड वापरलाच, तर वर साधा इनॅमलच द्यावा. झिंकचे प्रमाण जास्त असलेल्या प्रायमरला उघड्या पोलादाचा स्पर्श लागतो. कन्व्हर्टर लावलेल्या जागी तो काम करत नाही.

वरच्या थराला एपॉक्सी या जागेसाठी जणू घडवलेला आहे. तो कडक असतो आणि घर्षण सोसतो. उन्हात त्याची भुकटी होते ही त्याची मोठी उणीव, पण डेकखाली ऊन येतच नाही. गाड्यांच्या तळाला मारतात तो रबरी किंवा डांबरी लेप इथे टाळावा: तो मऊ असल्याने त्यात खडे रुततात, चोथा चिकटतो आणि फाटलेल्या जागी पाणी मुरते. वापरलेले इंजिन ऑइल फासणे तर थेट हिरवळीचे नुकसान आहे.

ओला रंग धारदार कडेवरून आखडतो आणि तिथला थर पातळ राहतो. म्हणून डेकची खालची कड, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्टांच्या भोवती आधी ब्रशने एक हात द्यावा, मग सगळीकडे दोन पातळ हात. पाते बसण्याची जागा, स्पिंडल आणि सूचनांची लेबले चिकटपट्टीने झाकावीत. पात्याखाली रंगाचा थर आला तर बोल्ट पुढे सैल पडू शकतो.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवे. कोकणातल्या पावसाळ्यात हे जमत नाही. दिवाळीनंतर जमते, पण पहाटे दव पडते, तेव्हा ऊन वर आल्यावरच सुरुवात करावी. एपॉक्सी हाताला लवकर कोरडा लागला तरी पुरा पक्का व्हायला साधारण आठवडा घेतो. तोवर गवत कापू नये.

पुढे शक्यतो गवत कोरडे असताना कापावे आणि दर वेळी चोथा लाकडी पट्टीने काढावा. डेकला पाण्याची नळी जोडण्याची सोय असेल तर धुतल्यावर यंत्र काही मिनिटे चालवून तळ वाळवावा. झिजेच्या पट्ट्यात रंग पुन्हा जाणारच. पावसाळ्यापूर्वी तेवढाच भाग घासून प्रायमर आणि एपॉक्सीचा हात द्यावा. भोवतीचा जुना एपॉक्सीही पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावा, कारण पक्क्या झालेल्या गुळगुळीत थरावर नवा थर धरत नाही.