मंग दुसरं माणूस कोन?

बाळापूरहून 108 लावला की फोन पुण्यात वाजतो. 26 जानेवारी 2014ला ही सेवा सुरू झाली, तेव्हा अख्ख्या राज्याचं नियंत्रण केंद्र औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभारलं गेलं. मी राहतो बाणेरला. म्हणजे बाबांच्या छातीत दुखलं, आईने फोन लावला, तर तिचा आवाज चारशेहून जास्त किलोमीटर येऊन माझ्या घराशेजारून वळणार आणि बाळापूरच्या जवळची गाडी शोधायला परत जाणार. दिवसभर सर्व्हर आणि रिक्वेस्टमध्ये जगणाऱ्या माणसाला याचं नवल वाटू नये. तरी वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना स्टेंट बसला, तेव्हापासून डोक्यात एकच हिशेब. हृदय बंद पडलं की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. छातीवर दाब आणि शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. अकोला आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. 108च्या सुरुवातीच्या 937 गाड्यांत प्रत्येकीत डॉक्टर ठेवला, ही खरंच मोठी गोष्ट. पण पहिली काही मिनिटं तो डॉक्टर रस्त्यातच असणार.

माझा एक मित्र नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकला. सिएटलचं त्यानेच सांगितलं. 1970मध्ये तिथे डॉ. लिओनार्ड कॉब आणि अग्निशमन प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी साधा विचार केला: बंबवाले शहरभर पसरलेले आहेत, रात्रंदिवस जागे आहेत, आणि आगी काही दर तासाला लागत नाहीत. मग त्यांनाच शिकवू. हार्बरव्ह्यू रुग्णालयात जवान ईसीजी वाचायला, शॉक द्यायला, श्वासनलिकेत नळी घालायला शिकले. त्यांची पहिली गाडी इतकी अवाढव्य होती, की तिचं नाव पडलं ‘मोबी पिग’. आज तिथल्या पॅरामेडिकचं प्रशिक्षण दोन हजार तासांहून जास्त चालतं. शिवाय सगळ्यात जवळचा साधा बंब आधी पोचतो आणि छाती दाबायला लागतो.

आपल्याकडे 101 वेगळा, 108 वेगळा. महामार्गावर चेपलेल्या गाडीतून माणूस बाहेर काढायला बंबवाले, वाचवायला दुसरे. दोन हजार तास आपल्या नगरपरिषदांना झेपणार नाहीत, मला मान्य आहे. पण प्रत्येक बंबावर छाती दाबायचा पक्का सराव असलेली माणसं आणि शॉकचं एक यंत्र, एवढं तर जमावं? मित्र म्हणाला, “यंत्राची बॅटरी कोन पाहीन, ते सांग पहिले.” बरोबर आहे त्याचं.

सिएटलवाल्यांनी पुढे सामान्य लोकांनाही शिकवलं. तो भाग आमच्या घरी बजेटशिवाय होण्यासारखा होता. दिवाळीत आईसमोर जमिनीवर कडक लोड ठेवला. तळहातावर तळहात, कोपर ताठ, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस. बांगड्या वाजत होत्या. बाबा बाजेवरून म्हणाले, “लोड मरून जाईन आता.”

पन्नाशीच्या पुढे आकडे मोजता मोजता आईला धाप लागली. “अन् थांबाचं कधी?”

“गाडी येईपर्यंत नाही. पण दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचं.”

“मंग दुसरं माणूस कोन?”

मी काही बोलायच्या आत तिने उठून भिंतीवरून शेजारच्या काकूंना हाक मारली.