सायकलवरून पाहिलेले रायपूर

पुणे हे विद्येचे माहेरघर आणि एके काळचे सायकलींचे शहर. तिथे वाढलेल्या मुलीला सायकलवरून रायपूर दाखवायचे म्हणजे जरा धाडसच! पण समता कॉलोनीतल्या एका आजोबांनी ते केले, तेही वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

निमित्त वेगळेच होते. डिसेंबरच्या सुटीत नात आली ती वडिलांचा निरोप घेऊनच. आता रायपूरचे घर विकावे आणि दोघांनी कायमचे पुण्याला यावे. निरोप ऐकून आजी काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. आजोबा म्हणाले, "उद्या शेजारची सायकल मागून घेऊ. आधी गाव बघ, मग बोलू."

सकाळी थंडी बोचत होती. जी. ई. रोडवर पहिला मुक्काम राजकुमार कॉलेजसमोर. संस्थानिकांच्या मुलांसाठी 1882 मध्ये जबलपूरला निघालेली ही शाळा 1894 मध्ये रायपूरला आली. पुढे इंजिनिअरिंग कॉलेज, आताचे एन.आय.टी. याची पायाभरणी 1956 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केली आणि 1963 मध्ये पंडित नेहरूंनी उद्घाटन केले. आजोबा इथलेच विद्यार्थी. त्यापुढे 1964 चे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ.

"म्हणजे आमच्या पुणे विद्यापीठापेक्षा पंधरा वर्षांनी धाकटं," नात म्हणाली.

"धाकट्यालाही मान असतो, पोरी," आजोबा हसले. मग दोघांनी टपरीवर गरमागरम चीला आणि टोमॅटोची चटणी खाल्ली.

परतीच्या वाटेवर महंत घासीदास संग्रहालय लागले. स्थापना 1875 ची. तिथे किरारी गावचा लाकडी खांब पाहून नात थबकली. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा खांब तळ्याच्या गाळात सापडला. त्यावर राज्यकारभारातल्या अधिकाऱ्यांची पदे कोरलेली होती. बाहेर काढल्यावर लाकूड उन्हाने वाळले, वरचे पापुद्रे निघाले आणि बरीच अक्षरे गेली. पण गावातल्या एका पंडिताने ती वेळीच उतरवून घेतली होती. म्हणूनच ती आज वाचता येतात.

दुपारी दोघे बूढा तालाबकडे वळले. बालपणी विवेकानंदांचा दोनेक वर्षे रायपुरात मुक्काम होता, म्हणून या तळ्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. जवळच सप्रे शाळा आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. 1900 मध्ये पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. 1926 मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले.

"म्हणजे ते मराठी की हिंदी?" नातीने विचारले.

"दोन्ही. आपल्यासारखे," आजोबा म्हणाले.

मात्र तळ्यावरून निघताना एका लहानशा चढावर ते सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून चालू लागले. त्यांना धाप लागली होती. नातही मुकाट्याने उतरली. घरी जेवढ्या उत्साहाने ते 'मला काही होत नाही' म्हणत, तेवढा उत्साह आता आवाजात नव्हता.

"आजोबा, बाबांना काय सांगू?"

"मी उतरलो ते सांग. लपवू नकोस. पण दिवसभर काय काय पाहिलंस, तेही सांग."

रात्री तिने फोनवर दोन्ही सांगितले. खांबावरची अक्षरे, सप्रे शाळा, चीला आणि तो चढसुद्धा. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तीच म्हणाली, "बाबा, घराचं नंतर ठरवा. आधी तुम्ही चार दिवस इथे येऊन राहा ना."

घराचा निर्णय त्या रात्री झाला नाही. पण वडीलधाऱ्यांना आपल्याकडे न्यायचे म्हणजे फक्त दोन माणसे आणि चार बॅगा न्यायच्या नसतात, हे त्या घरातल्या सर्वांत लहान माणसाला उमगले होते. आजींनी दोघांच्या पायांना लावायला तेल कोमट करून आणले, आणि उद्या सायकल परत करायची की आणखी दोन दिवस ठेवायची, एवढेच विचारले.