खालचे रान

नदीकाठची जमीन सुपीक असते, असे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. ते खरेच आहे. पण नदीकाठची सगळी जमीन एकसारखी नसते. एकाच गावात, एकाच नदीच्या काठी दोन शेतांच्या मातीत मोठा फरक असू शकतो. हे मी आमच्या घरच्या दोन रानांवरून शिकले. आमच्या सांगली भागात शेताला रान म्हणतात.

आमचे गाव कृष्णाकाठी आहे. सांगलीजवळ हरिपूरला वारणा नदी कृष्णेला मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. या भागात नदीला उतार कमी आहे. ती वळणे घेत संथ वाहते. पावसाळ्यात पाणी वाढले की ते काठ ओलांडून आजूबाजूच्या सपाट जमिनीवर पसरते. या सपाट भागाला पूरमैदान म्हणतात. अब्बांची दोन्ही राने या पूरमैदानातच आहेत. एक अगदी नदीला लागून आहे. त्याला आम्ही ‘मळी’ म्हणतो. दुसरे नदीपासून बरेच आत आहे. ते ‘खालचे रान’.

लहानपणी मला एक कोडे पडत असे. नदीपासून दूर असलेले रान ‘खालचे’ कसे? पाऊस थांबला की मळी चार दिवसांत वाळते. खालच्या रानात मात्र पंधरा दिवसांनीही पाय रुततो. जे रान नदीजवळ आहे ते कोरडे आणि जे दूर आहे ते ओले, हे कसे?

याचे उत्तर नदीच्या पाण्यातच आहे. पुराचे पाणी मातीचे लहानमोठे कण घेऊन येते. पाणी काठाबाहेर पडले की त्याचा वेग एकदम कमी होतो. मग जड कण आधी खाली बसतात. त्यामुळे नदीच्या कडेला वाळूमिश्रित मातीचा उंचवटा तयार होतो. हलके, बारीक कण पाण्याबरोबर दूर जातात आणि जिथे पाणी थांबते तिथे सावकाश बसतात. अशी शेकडो वर्षे गेली म्हणजे काठ उंच होतो आणि मागचा भाग सखल राहतो. आमची मळी त्या उंचवट्यावर आहे. खालचे रान त्याच्या मागच्या सखल भागात आहे.

बी.एड. करत असताना मला आठवीच्या वर्गावर मातीचा पाठ घ्यायचा होता. त्यासाठी मी काचेच्या दोन उंच बरण्या घेतल्या. एकीत मळीची माती टाकली, दुसरीत खालच्या रानाची. दोन्हींत पाणी भरले, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला आणि बरण्या खूप हलवून टेबलावर ठेवल्या. मळीच्या बरणीत वाळूचा जाड थर पाहता पाहता तळाला बसला. दुसऱ्या बरणीत वाळू नावालाच होती. पाणी तास संपला तरी गढूळ होते. मुलींनी ती बरणी दुसऱ्या दिवशी पाहिली, तेव्हा तळाशी मऊ, राखाडी मातीचा जाड थर दिसला. हा थर पोयट्याचा.

शास्त्रात मातीच्या कणांची नावे त्यांच्या आकारावरून ठरतात. 2 ते 0.02 मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे वाळू. 0.02 ते 0.002 मिलिमीटरपर्यंतचे कण म्हणजे पोयटा. त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळूचे कण 10 सेंटीमीटर पाणी 5 मिनिटांच्या आत उतरतात. पोयट्याच्या सर्वांत बारीक कणांना तेवढ्याच अंतरासाठी सुमारे 8 तास लागतात.

पोयट्याची माती हातात घेतली तर पिठासारखी मऊ लागते. ओली असताना ती साबणासारखी गुळगुळीत होते. तिच्यात अन्नद्रव्ये असतात, ओलही पुष्कळ टिकते. म्हणूनच लोक तिला सुपीक म्हणतात. पण तिचे काही दोषही आहेत. तिचे कण एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत. जोराचा पाऊस आला की ढेकळे विरघळतात आणि जमिनीवर पातळ गाळ पसरतो. ऊन पडले की त्याची पापडी बनते. बियांचे कोवळे कोंब ती पापडी फोडू शकत नाहीत. शिवाय कणांमधल्या पोकळ्या फार बारीक असतात. त्यांत शिरलेले पाणी सहज बाहेर पडत नाही. त्यातून जमीन सखल असली आणि खाली चिकणमातीचा थर असला, तर पाण्याला कुठेच वाट राहत नाही.

आता तुम्ही विचाराल, पाणी राहिले तर बिघडले कुठे? पिकाला पाणी हवेच ना? हवे, पण मुळांना हवाही लागते. मुळे श्वास घेतात. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेला जागा उरत नाही. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे भरपूर पाणी असूनही पीक गुदमरते आणि पाने पिवळी पडतात.

जमिनीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असतात, तेव्हा शेतकरी म्हणतात, “रानाला वाफसा आला.” काही शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज नेता येत नाहीत. वाफसा हा तसाच शब्द आहे. अब्बांची वाफसा ओळखण्याची रीत सोपी आहे. ते मूठभर माती घेऊन दाबतात. तिचा गोळा झाला की तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडतात. गोळा पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. तो चपटा होऊन जमिनीला चिकटला तर अजून थांबायचे.

एका उन्हाळ्यात अब्बांनी खालच्या रानात कमरेइतका खड्डा खणला आणि मला बोलावले. वरची हातभर माती तपकिरी होती. त्याखाली राखाडी मातीत तांबूस ठिपके होते आणि जुन्या मुळांच्या वाटांवर गंजासारख्या रेघा होत्या. अगदी तळाला माती निळसर होती. तिला कुजलेल्या अंड्यासारखा वास येत होता. मातीचा रंग बराचसा लोहामुळे येतो. हवा मिळते तिथे लोह गंजते आणि तांबडे दिसते. हवा मिळत नाही तिथे ते पाण्यात विरघळते आणि माती राखाडी होते. ठिपके जिथून सुरू होतात, तिथपर्यंत पाणी दर वर्षी चढते आणि बरेच दिवस थांबते. मी रसायनशास्त्र शिकले होते. अब्बा शाळेत चौथीपर्यंतच गेले. तरी खड्ड्याकडे पाहून ते एवढेच म्हणाले, “पाणी इथपर्यंत येऊन बसतं, बेटी. त्याची खूण ठेवून जातं.”

ऑगस्ट 2019 मध्ये मोठा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वेळी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. आमचे घरचे सगळे मिरजेला नातेवाइकांकडे राहिले. परत आलो तेव्हा दोन्ही रानांतला ऊस गेला होता. पोंग्यात गाळ शिरून तो कुजला होता. मळीवरचे पाणी लवकर उतरले. खालच्या रानात मात्र दसरा आला तरी डबकी होती. त्यात परतीचा पाऊसही लांबला.

घरात सोसायटीचे कर्ज होते. भाईजान रोज रानात जाऊन येत आणि गप्प बसत. नोव्हेंबरमध्ये वरच्या अंगाच्या एका रानात ट्रॅक्टर फिरला. भाईजानांनीही ट्रॅक्टर ठरवला. अब्बांनी मूठभर माती दाबून गोळा खाली सोडला. तो चपटा झाला. “नाही,” ते म्हणाले. ओल्या पोयट्यात नांगर घातला की माती फुटत नाही, ती लिंपली जाते. तिच्यातल्या पोकळ्या बुजतात आणि नांगराखाली एक घट्ट थर बनतो. मग पुढच्या वर्षी पाणी आणखी साचते. वरच्या रानात थोड्याच दिवसांत विटांसारखी ढेकळे वाळत पडली, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

पण थांबल्याने कर्ज फिटत नव्हते. एका रात्री भाईजान म्हणाले, “अब्बा, खालचं रान विकून टाकू. कर्ज फिटेल. मळीवर आपलं भागेल.”

अम्मी काही बोलली नाही. अब्बा थोड्या वेळाने म्हणाले, “रान वाईट नाही, बेटा. त्याच्या पाण्याला वाट नाही. एक वर्ष दे मला.”

पाण्याला वाट द्यायची म्हणजे चर खणायचा. पण चर संपणार कुठे? ओढा होता आमच्या रानाच्या पलीकडे, आणि मध्ये अण्णांचे रान होते. अब्बा त्यांच्याकडे गेले. अण्णा स्पष्ट बोलले, “चाचा, तुमचं पाणी माझ्या रानात सोडता काय? माझंच रान चिबड झालंय.” त्यांचे बोलणे खोटे नव्हते. चिबड म्हणजे सतत ओली राहणारी जमीन. एकाच्या रानातले पाणी दुसऱ्याच्या रानात ढकलणे हा निचरा नव्हे.

अब्बा वाद घालत बसले नाहीत. ते म्हणाले, “अण्णा, तुमच्या रानात एक खड्डा खणू या.” दोघांनी मिळून तो खणला. दोन फुटांवर तीच राखाडी माती, तेच गंजाचे ठिपके निघाले. अण्णा बराच वेळ खड्ड्यात पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे दुखणं दोघांचं एकच.”

चर दोघांचा ठरला. तो बांधाच्या कडेने थेट ओढ्यापर्यंत न्यायचा, म्हणजे पाणी कोणाच्याच रानात शिरणार नाही, उलट दोन्ही रानांतले पाणी त्यात उतरेल. दोघांनीही दोन-दोन हात जमीन सोडली. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तशाच नळीने आम्ही उतार मोजला. ओढ्याकडचे टोक खाली आहे, याची खात्री केली. मग जेसीबी आणून साडेतीन फूट खोल चर काढला. खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला.

जुलै 2021 मध्ये नदीने पुन्हा 50 फुटांची पातळी ओलांडली. पूर आला की चर काहीच करू शकत नाही. ओढाही भरलेला असतो आणि नदीही. त्याचे काम पूर ओसरल्यावर सुरू होते. चरात गाळ भरला होता. दोन्ही घरच्या माणसांनी तो उपसला. त्यानंतर रात्रंदिवस ओढ्याकडे पाण्याची बारीक धार लागली. दसरा झाला आणि खालच्या रानाला वाफसा आला. भाईजानांनी स्वतः मूठभर माती दाबून गोळा सोडला. तो भुसभुशीत फुटला. त्या वर्षी तिथे हरभरा पेरला.

हरभऱ्याने सगळे कर्ज फिटले, असे मी सांगणार नाही. कर्ज थोडे थोडे फिटते आहे. खालचे रान अजूनही सखल आहे आणि नदी पुन्हा येणारच आहे. पण भाईजान ते विकण्याची गोष्ट आता काढत नाहीत. दर वर्षी मृगाच्या आधी एक दिवस ठरतो. त्या दिवशी अब्बा, भाईजान आणि अण्णांचे मुलगे फावडी घेऊन चरात उतरतात. काम ओढ्याच्या टोकापासून सुरू होते, कारण आधी खालची वाट मोकळी झाली तरच वरचे पाणी पुढे जाते.