तीस नोंदींची वही

आमच्या घरात आजोबांना ‘दादा’ म्हणत. शाळेतल्या मैत्रिणींना वाटे, मी थोरल्या भावाविषयीच बोलते आहे. दादा नागपूरच्या मोमिनपुऱ्यातले विणकर. तरुणपणी त्यांनी घरच्या हातमागावर लुगडी विणली, पुढे जुम्मा तलावाजवळच्या एम्प्रेस मिलमध्ये लागले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली. आज त्या आवारात मॉल उभा आहे. तो पाहायला दादा राहिले नाहीत.

दादांचं शिक्षण बेताचं. कुराण शरीफ, थोडं उर्दू वाचन-लेखन आणि तोंडी हिशेब एवढीच शिदोरी. पण मागावर शिकलेली एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर वापरली. ताण्यातला धागा तुटला की माग तिथंच थांबवायचा आणि गाठ मारायची. ‘पुढं बघू’ म्हणून विणत राहिलं तर कापडात उभी रेघ पडते, सुटं टोक शेजारच्या धाग्यांत अडकून त्यांनाही तोडतं. दादा म्हणत, “धागा टूटा तो माग रोको. गांठ आज छोटी है, कल बडी होगी.” घरातली कुरबुर असो, दुकानदाराची उधारी असो, सगळ्याला हाच न्याय.

१९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या वर्षी ते मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. दादांनी त्यातून एवढंच ओळखलं, की आता कचेरीचे कागद मराठीतच येणार. “ज्या कागदावर सही करायची तो आपल्याला वाचता आला पाहिजे,” असं म्हणून पुढे त्यांनी मला मराठी शाळेत घातलं. घरात कुणी विरोध केला तर ते शांतपणे विजेचं बिल पुढं करीत.

पण त्यांचं खरं शहाणपण मला समजलं ते एका जुन्या वहीतून. पणजोबा वारले तेव्हा मागं दोन मुलगे आणि एक मुलगी होती. पणजी आधीच गेलेली. फूफीनं रिवाजाप्रमाणं सांगून टाकलं, “मुझे कुछ नहीं चाहिए, भाई सलामत रहें.” सगळ्यांनी वाहवा केली. दादा मात्र म्हणाले, “जो हाथ में आया ही नहीं, वह माफ कैसे करोगी? पहले लो, गिनो, फिर जी चाहे तो दे देना.”

घराची किंमत ३,००० रुपये धरली. सूरह निसाच्या ११ व्या आयतीप्रमाणं भावांचे दोन-दोन आणि बहिणीचा एक, असे पाच हिस्से झाले. फूफीचे ६०० रुपये निघाले. थोरल्या भावानं आपले ३०० हळूहळू दिले. दादांनी दरमहा १० रुपयांनी अडीच वर्षांत फेडले. प्रत्येक वेळी वहीत तारीख, रक्कम आणि फूफीची सही. दोन साक्षीदारही होते. सख्ख्या बहिणीशी असा व्यवहार कशाला, असं आजीनं विचारलं तेव्हा त्यांनी सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण दिली. कुराणातली ही सर्वांत लांब आयत, आणि ती आहे कर्ज लिहून ठेवण्याबद्दल! “प्यार है तब तक लिख लो,” दादा म्हणाले, “भांडण झाल्यावर कोण लिहून देतो?”

फूफीनं ते पैसे परत दिले नाहीत. काही वर्षांनी ती विधवा झाली, तेव्हा त्याच पैशांतून शिलाई मशीन आलं आणि चार लेकरं वाढली. तिला भावांच्या दारी कधी हात पसरावा लागला नाही. म्हणूनच की काय, ती शेवटपर्यंत हक्कानं माहेरी येत राहिली.

रूढीपेक्षा शरियत वरचढ ठरवणारा कायदा १९३७ मध्ये आला. शेतजमीन त्यातून वगळली गेली, घरं मात्र त्यात आली. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल सुटलेली नाही. आमच्या हिंदू शेजारणींचंही वेगळं नाही. अब्बा गेल्यावर मलाही एका नातेवाईकानं सुचवलं, “भावांशी नातं ठेवायचं असेल तर सही करून टाक.” मी काही बोलले नाही. दादांची वही भावांपुढं उघडून ठेवली. धाकटा बराच वेळ पानं चाळत राहिला. मग अम्मीचा आठवा हिस्सा बाजूला काढून उरलेल्याचे पाच भाग झाले. माझा एक भाग मला मिळाला. ईदला मी आजही माहेरीच असते.

ती वही आता माझ्याकडे आहे. तिसाव्या नोंदीखाली फूफीनं उर्दूत दोन शब्द लिहिलेत, ‘पूरा मिला’. आपल्या किती घरांतल्या बहिणींना हे दोन शब्द लिहिता येतील?