डिझेल इंजिनासाठी कोण रडणार?

परवा संध्याकाळी वसई रोडच्या पुलावर उभा होतो. खालून केरळकडे जाणारी गाडी सुटली. पुढे विजेचं इंजिन. सोबत आमच्या आळीतले काका होते, उभी नोकरी डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून केलेले. म्हणाले, "पूर्वी ही सुटली की पूल हादरायचा रे. आता कळतसुद्धा नाही."

खरंय. गुजरातहून वसईमार्गे कोकणात उतरणाऱ्या गाड्यांना आम्ही वर्षानुवर्षं डिझेल इंजिनच पाहिलं. २० जून २०२२ ला कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं, रोहा ते ठोकूर, साधारण ७४० किलोमीटर. धूर गेला, डिझेलचा खर्च वाचला. चांगलंच झालं. धुरासाठी गळा काढायला मी बसलेलो नाही.

पण त्या इंजिनांचं पुढे काय? डब्ल्यूडीएम-२ घ्या. २,६०० अश्वशक्ती. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलं, १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. अल्कोने १९६९ मध्येच इंजिनं बनवणं बंद केलं, आपण मात्र पुढे तीसेक वर्षं बनवत राहिलो. एक्स्प्रेस यानेच ओढली, मालगाडीही यानेच. नंतरच्या पिढीतली दहा इंजिनं २०२० मध्ये बांगलादेशला दिली, काहींचं रूपांतर करून विजेवर चालवली. बाकी बरीच भंगारात.

वाफेच्या इंजिनाचं नशीब बरं. त्याच्यावर गाणी झाली, सिनेमे झाले, माथेरानचं तर लाडकं. डिझेल इंजिन पडलं कामगार माणूस. फार तर एखादं रंगवून चौथऱ्यावर ठेवतात. काकांच्या भाषेत, "पेंढा भरलेला वाघ."

त्यांचं म्हणणं, एक तरी चालतं ठेवा. चालतं ठेवायचं म्हणजे अधूनमधून सुरू करायलाच हवं. बॅटऱ्या जिवंत हव्यात, कारण बॅटरीच्या करंटवर जनरेटरच मोटरसारखा फिरतो आणि इंजिनाला घुमवतो. त्याआधी तेल सगळीकडे पोचलं पाहिजे, सिलिंडरमध्ये पाणी साचलंय का बघावं लागतं. नाहीतर पहिल्याच फेऱ्यात आतलं मोडतं. हे पुस्तकात असेलही. पण कुठल्या आवाजाला थांबायचं, हे काकांच्या कानात आहे. काका सत्तरीपार आहेत.

ही बातमी करू का, असं विचारलं तेव्हा एक सहकारी हसला. "विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि तुला इंजिन जपायचंय?" त्याचं चुकलं नाही. गर्दीची बातमी मी वीस वर्षं करतोय, उद्याही करीन. पण एक इंजिन भंगारात दिल्याने विरारला जादा लोकल सुटणार आहे का?

ब्रिटनमध्ये डेल्टिक नावाची २२ डिझेल इंजिनं होती. १९८२ च्या सुरुवातीला शेवटची सेवेतून गेली. त्यातली सहा आज शिल्लक आहेत, कारण साध्या रेल्वेवेड्या लोकांनी वर्गणी काढून काही विकत घेतली. आपण गणपतीला वर्गणी काढतो, किल्ल्यावर श्रमदान करतो. इंजिन विकत घ्या म्हणत नाही मी, रेल्वेच्या मागे तरी लागू.

तोवर एक काम हातातलं आहे. कल्याण, पुणे शेडमध्ये काम केलेले कितीतरी जण निवृत्तीनंतर नालासोपारा-विरारकडे राहायला आलेत. तुमच्या घरात, सोसायटीत असे कोणी असतील तर कमेंटमध्ये कळवा, नंबर मात्र इनबॉक्समध्येच टाका. येत्या रविवारी काकांच्या ओट्यावर मोबाईल लावून रेकॉर्डिंग सुरू करतोय. चहा माझ्याकडून.